ठकूमावशीचा भोळा पाय

ठकूमावशीचा गुडघा जिंकताना गेला. हे ती कुणालाही पहिल्या भेटीतच सांगायची आणि ‘जिंकताना’ या शब्दावर असा काही जोर द्यायची, की समोरच्याला वाटावं, हरताना गेलेले गुडघे जरा कमी प्रतीचे असतात.

माझा गुडघा त्या कमी प्रतीतला. तळेगावला आमच्या सोसायटीत बॅडमिंटनची स्पर्धा होती. पहिल्याच सामन्यात, पहिलीच सर्व्हिस घ्यायला मी झेपावलो. शटल एकीकडे गेलं, मी दुसरीकडे गेलो आणि गुडघ्यातलं लिगामेंट तिसरीकडे. ऑपरेशन झालं, नवीन लिगामेंट बसवलं, आणि सर्जननी मला पुढच्या व्यायामासाठी सोमाटणे फाट्यावर डॉक्टर केतकीकडे पाठवलं. मावशी मला तिथंच भेटली.

केतकीचं फिजिओथेरपीचं क्लिनिक टायरच्या एका दुकानावर होतं. गुडघ्याचं क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, यावर येणारा प्रत्येक जण एकदा तरी कुरकुरायचा. मावशी कुरकुरली नाही. ती खालच्या पायरीशी उभी राहिली आणि वर तोंड करून ओरडली, “ए पोरी! वर चढता आलं असतं, तर तुज्याकडं कशाला आले असते?”

शेतात दोन बांध पलीकडे हाक मारायला बनवलेला आवाज होता तो. टायरवाल्याच्या हातातली हवेची नळी निसटली. केतकी खाली धावली, पण तोवर मावशीनं आपला मार्ग काढला होता. ती पायरीवर बसली आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी मागे सरकत, उलटी, सिंहासन सरकवत आणल्यासारखी वर आली. मागून तिची सून सुरेखा दोन्ही कुबड्या, पिशवी आणि लाजेनं लाल झालेलं तोंड घेऊन आली.

“बघितलंस?” वर पोचल्यावर मावशी केतकीला म्हणाली. “आलेच की न्हाई?”

मावशी तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या तिकोणा पेठेची. घरची भातशेती. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं थोराड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. व्यायामासाठी सैल पॅन्ट घालून या, असं केतकीनं सांगितल्यावर तिनं मुलाची ट्रॅकपॅन्ट घातली, पण साडीच्या आत. साडी काही सोडली नाही. “पॅन्ट तू सांगितली म्हनून. साडी मी सांगितली म्हनून,” असा तिचा हिशोब. लिगामेंट हा शब्द तिला लांबलचक वाटायचा. ती नुसतं ‘मिंट’ म्हणायची. “मास्तर, तुमची पन मिंटच का?” हा तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न. मी भूगोल शिकवतो हे कळल्यापासून मी तिचा मास्तर झालो होतो.

तिची मिंट कशी गेली, ते तिनं त्याच दिवशी सांगितलं. महिला दिनाला पंचक्रोशीतल्या बायकांची रस्सीखेच होती. मावशी तिच्या संघात नेहमी सगळ्यांत शेवटी, दोर कमरेभोवती घेऊन. अंतिम सामन्यात समोरचा संघ खूप वेळ हलेना. मावशीनं टाचा मातीत रोवल्या आणि असा हिसका दिला, की पलीकडच्या सगळ्या बायका ओळीनं आडव्या झाल्या. त्यांनी दोर सोडला. दोर सोडल्यावर मावशीच्या पुढच्या सगळ्या बायका मागे आल्या, आणि मागे होती एकटी मावशी.

“आमचाच संघ माज्या गुडघ्यावर बसला,” ती म्हणाली. “पर जिंकलो.”

बक्षीस म्हणून मिळालेला डिनर सेट तिनं दवाखान्यात नेताना मांडीवर धरला होता म्हणे. एक्स-रे काढायला तो बाजूला ठेवा म्हणून सांगितलं, तर तिनं तंत्रज्ञालाच धरायला लावला.

ऑपरेशननंतर मांडी वाळते. माझी वाळली होती, तिचीही. केतकीनं आम्हा दोघांसाठी एक नवा उपाय काढला. मांडीला अगदी वर, जांघेशी बांधायचा एक रुंद पट्टा, त्यात हवा भरायचं यंत्र, आणि घोट्याशी बांधायची वाळूची छोटी पिशवी. आधी मावशीचा नंबर लागला. केतकीनं तिच्या पावलावर जेली लावून पेनासारखं काहीतरी टेकवलं. त्याला जोडलेल्या डब्यातून फुस्स फुस्स आवाज यायला लागला.

“ह्यो कुनाचा आवाज?”

“तुमच्या पायातल्या रक्ताचा, मावशी.”

मावशीनं मान तिरकी करून ऐकलं. “लय घाईत हाय. कुटं निघालंय एवडं?”

केतकीनं पट्ट्यात हवा भरली. आवाज मंद होत होत थांबला. मावशीचे डोळे मोठे झाले. “बंद पडलं की गं!”

“कुठे बंद पडतं, तेच बघत होते. आता हवा बरीच कमी करते. पायात जाणारं रक्त थोडं जाऊ द्यायचं, परत येणारं अडवायचं.”

“आस्सं. पवनेच्या धरनावानी. थोडी दारं उघडी, थोडी बंद.” मावशीच्या घराच्या अंगणातून धरण दिसायचं, त्यामुळे हे तिला ताबडतोब पटलं. “पर कशाला?”

केतकीनं नीट समजावून सांगितलं. मांडी भरायची तर जड वजन उचलायला हवं. पण आतली नवी मिंट कच्ची आहे, तिला जड वजन सोसणार नाही. म्हणून वजन हलकंच घ्यायचं आणि रक्त थोडं अडवायचं. मग मांडीच्या स्नायूंना वाटतं, आपण फार मोठं ओझं उचलतोय, आणि ते जोमानं वाढायला लागतात.

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. मग केतकीला जवळ बोलावलं आणि तिच्या कानात, पण मला ऐकू येईल एवढ्या हळू, म्हणाली, “म्हंजी पायाला फसवायचं.”

“तसंच म्हणा.”

“मंग हळू बोल की, बये! त्येनं ऐकलं तर?”

केतकी हसली. मी हसलो. मावशी हसली नाही. मावशीचं हेच होतं. ती स्वतःच्या विनोदाला कधी हसायची नाही, त्यामुळे तो विनोद होता की तिचं खरंच तसं मत होतं, हे शेवटपर्यंत कळायचं नाही.

त्या दिवसापासून क्लिनिकमध्ये तिनं पायाची फसवणूक सुरू केली. पट्टा बांधला, की ती वाळूच्या पिशवीकडे बघून दचकायची. “आगाईगं! केवडं वजन आनलंय! भाताचं पोतंच हाय की!” मग पाय सरळ करत कण्हायची, दात-ओठ खायची, आणि माझ्याकडे वळून कुजबुजायची, “मास्तर, पाऊन किलो हाय.”

यात एक अडचण होती. त्या व्यायामात पहिल्यांदा काहीच वाटत नाही. मग हळूहळू मांडी तापते, जड होते, आणि शेवटी-शेवटी खरोखरच पोतं उचलल्यासारखी आग होते. तिथं पोचल्यावर मावशी ओरडायची, “पोरी, आता नाटक न्हाई! आता खरं!” आणि केतकी बिचारी कानांवर विश्वास न ठेवता तिच्या पावलाचा रंग तपासायची, बोट दाबून बघायची, “मुंग्या येतायत का? बधिर वाटतंय का?” विचारायची. मावशी दर वेळी तक्रार करायची, “ह्या पोरीला मानसाचं ऐकू येत न्हाई, नुस्तं पावलाचं ऐकती.”

माझ्यावरही तिचं लक्ष असायचं. मी मुकाट्यानं पाय उचलायचो. ते तिला पसंत नव्हतं.

“मास्तर, गप बसून उचलू नगा. पायाला संशय येतो.”

“मावशी, मला नाही जमणार ओरडायला.”

“वर्गात ओरडता ना? मंग?”

शेवटी एक दिवस, तिनं पिच्छाच सोडला नाही म्हणून, मी डोळे मिटले आणि म्हणालो, “बापरे, केवढं हे वजन!”

“मोट्यानं!”

“बापरे! केवढं हे वजन! मेलो! मेलो!”

डोळे उघडले, तेव्हा दारात आमचे मुख्याध्यापक उभे होते. मानेच्या दुखण्यासाठी त्यांनी नुकतंच केतकीकडे यायचं ठरवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या घोट्याला बांधलेल्या, साखरेच्या पुड्याएवढ्या पिशवीकडे पाहिलं, आणि मान दुखत असूनही ती हळूहळू हलवली. त्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात खुर्च्या उचलायच्या कामातून माझं नाव त्यांनी स्वतःहून वगळलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर पेठेत एक भलतंच प्रकरण सुरू झालं. ते सुरेखानं उघड केलं. मावशीला सोडायला आल्यावर ती केतकीला बाजूला घेऊन म्हणाली, “मॅडम, आत्याबाईंनी घरी दवाखाना काढलाय.”

झालं होतं असं, की वस्तीवर गुडघे दुखणाऱ्या बायकांना तोटा नव्हता. मावशीनं त्या सगळ्या दुपारी ओसरीवर बसवल्या, परकरांच्या नाड्या आणल्या आणि एकेकीच्या मांडीला करकचून बांधल्या. वजन म्हणून घोट्याला एकेक तांब्या अडकवला, आणि सगळ्यांना एका सुरात “आगाईगं, केवडं वजन!” म्हणायला लावलं. रस्त्यावरून किल्ला बघायला निघालेली मंडळी थांबून व्हिडिओ काढत होती.

केतकीला हसू आलं नाही. एवढं रागावलेलं मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती क्लिनिक बंद करून गाडी घेऊन तिकोणा पेठेला निघाली. गुडघा वाकवून कारमध्ये बसायचा सराव होईल म्हणून मलाही बरोबर घेतलं. ओसरीवर पोचलो, तेव्हा बायका नाड्या बांधूनच बसल्या होत्या.

“सोडा,” केतकी म्हणाली. “सगळ्या नाड्या आत्ता सोडा.”

मावशी काहीतरी बोलायला गेली.

“मावशी, तुम्ही बोलू नका. यात एखादीला पायाच्या शिरांचा त्रास असेल. एखादीला रक्तदाब असेल. शिरेत रक्ताची गाठ झाली आणि ती वर सरकली, तर माणूस जातं. मी तुमच्या पायाला पट्टा लावायच्या आधी तुमचे सगळे रिपोर्ट बघते, रक्ताचा आवाज ऐकते, मग किती दाबायचं ते ठरवते. तुम्ही काय ऐकलंत? नाडीला कळतं का किती आवळायचं?”

एकेक गाठ सुटायला लागली. मावशी खाली बघत राहिली. तिला गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, “समद्यांचे पाय दुकत व्हते गं. मला येकटीलाच बरं वाटाया लागलं, ते कसं तरी वाटलं.”

केतकीचा राग तिथंच विरघळला, पण तिनं तो चेहऱ्यावर तसाच ठेवला. तिनं एकेका बाईचा गुडघा तपासला, प्रत्येकीला साधे, बिनपट्ट्याचे व्यायाम शिकवले आणि दोघींना डॉक्टरांकडे जायलाच हवं म्हणून बजावलं. निघताना आम्हाला इंद्रायणी तांदळाचा भात आणि पिठलं खाल्ल्याशिवाय कुणी सोडलं नाही.

पुढच्या खेपेला मावशी क्लिनिकमध्ये आली ती एक गाठोडं घेऊन. ते तिनं केतकीच्या टेबलावर सोडलं. लाल, पांढऱ्या, निळ्या, सगळ्या रंगांच्या नाड्या.

“जप्त केल्या,” ती गंभीरपणे म्हणाली. “आता वस्तीवर कुनाचाबी परकर जाग्यावर ऱ्हायचा न्हाई. पर तू म्हन्लीस म्हनून.”

मावशीला घाबरलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही कुठल्या मोठ्या गोष्टीला नाही. केतकी दर काही दिवसांनी टेपनं आमच्या मांड्या मोजायची. पट्टा सुरू करून बरेच आठवडे झाले होते. माझी मांडी हळूहळू भरत होती. मावशीची मात्र अडून बसली होती. त्या दिवशी केतकीनं टेप लावली, आकडा बघितला आणि पुन्हा लावली. मावशीला समजलं. तिनं साडी खाली ओढली.

केतकी दुसऱ्या पेशंटकडे गेल्यावर मावशी माझ्याशी बोलली, पण बघत होती खिडकीबाहेर, फाट्यावरच्या गाड्यांकडे.

“मास्तर, घरात समदी लय चांगली वागत्यात माज्याशी. त्येचीच भीती वाटती.”

“म्हणजे?”

“सुरेखा हातात पानी आनून देती. पोरगा म्हनतो, आई, तू बस. लावनीला गेलते बांधावर, तर खुर्ची आनली. शेतात खुर्ची, मास्तर! चिखलात! मी तितं बसले आन् समद्या बाया वाकून रोपं लावीत व्हत्या. मी काय तमाशा बघाया आले व्हते काय?” तिनं साडी गुडघ्यावर आणखी ओढली. “आदी खुर्ची देत्यात. मंग खाट देत्यात.”

मी आपला म्हणालो, “मावशी, पायाला फसवताय ना रोज?”

“फसवते की. पर त्येला समजलंय वाटतं.”

केतकीनं मात्र कारण शोधून काढलं. सुरेखाला चार प्रश्न विचारल्यावर कळलं, की मावशी आजारपणात उपवास जास्त करत होती. गुडघा बरा व्हावा म्हणून तिनं आठवड्यातले बरेचसे वार देवांना वाटून टाकले होते. मांडी भरायला पोटात काही जातच नव्हतं. केतकीनं तिला समोर बसवलं.

“मावशी, पायाला फसवताय, चांगलं आहे. पण तो मजुरी करतोय. त्याला भाकरी कोण देणार?”

मावशीनं बोटांवर सगळे वार मोजले. मग म्हणाली, “देवाला काय सांगू?”

“सांगा, डॉक्टरनं उपास सोडायला लावला.”

“तुजं नाव सांगू?”

“सांगा.”

“पूर्न नाव सांग. देवाकडं केतकी लय असतील.”

उपवास सुटले. सुरेखानं मुगाची उसळ, अंडी, दूध असं काय काय सुरू केलं. महिन्याभरानं टेप लावली, आणि केतकीनं टाळी वाजवली. मावशीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग स्वतःच्या मांडीवर थाप मारून तिला उद्देशून म्हणाली, “खातीस लय, आता काम कर.” थोड्याच दिवसांत ती कुबडी, काठी सगळं सोडून जिना चढून आली. सरळ, तोंड पुढं करून.

वर्ष फिरलं, महिला दिन आला. सर्जननी आणि केतकीनं दोघांनीही तिला बजावलं होतं, या वर्षी दोराला हात लावायचा नाही. मावशीनं ते मान्य केलं आणि मला फोन केला.

“मास्तर, तुमी या. माजा माज्यावर भरोसा न्हाई. मला धरून ठिवायला कुनीतरी पाहिजे.”

मी गेलो. केतकीला प्रमुख पाहुणी म्हणून खुर्चीवर बसवलं होतं. मावशी गळ्यात शिट्टी अडकवून संघाच्या बाजूला उभी, आणि तिच्या मागे मी, दोन्ही हातांनी तिच्या पदराचा काठ धरून. मैदानावरच्या सगळ्या बायकांनी हे दृश्य पाहिलं. त्यावर ज्या प्रतिक्रिया आल्या, त्या मी घरी सांगितल्या नाहीत.

पंचांची शिट्टी वाजली. दोर ताठ झाला. मावशी ओरडायला लागली. “टाचा! टाचा रोवा! मागं बघू नगा!” पहिल्यांदा ती जागेवरूनच ओरडत होती. मग एक पाऊल पुढं गेली. मीही गेलो. मग आणखी पुढं. मी मागे ओढत होतो, ती पुढं ओढत होती, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मैदानावर दोन रस्सीखेच चालल्यात आणि दुसरीत मी हरतोय. माझे बूट मातीत रेघा ओढत निघाले.

“मावशी! गुडघा!”

“माजा न्हाई दुकत! तुमचा दुकतोय का?”

“नाही!”

“मंग वडा की जोरात!”

ती दोराच्या अगदी जवळ पोचली. हात पुढं गेला. खुर्चीवरून केतकी उभी राहिली. मावशीनं तिच्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि पुढं गेलेला हात तसाच मागं नेऊन माझ्या हातातला पदर ओढला आणि त्याचा बोळा आपल्याच तोंडात कोंबला. तो दाताखाली धरून ती उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांसमोर तिचा संघ हरला.

मला वाटलं, आता ही रडणार. तिनं पदर तोंडातून काढला, तरातरा पलीकडच्या संघाकडे गेली, त्यांच्या शेवटच्या, दोर कमरेला गुंडाळलेल्या दांडग्या बाईसमोर उभी राहिली आणि वाकून तिची मांडी साडीवरूनच दाबून बघितली.

“काय खातीस गं?” तिनं विचारलं.

त्या बाईनं लाजत सांगितलं. मावशीनं नीट ऐकून घेतलं. दोघी मैदानाच्या कडेला बसल्या आणि बक्षीस समारंभ संपेपर्यंत बोलत राहिल्या.

पुढं माझे व्यायाम संपले. नोकरी बदलून मी साताऱ्याला आलो. मावशीला मी शेवटचं पाहिलं, ते मावळ सोडायच्या आधी, लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर. साताऱ्याला न्यायला चिक्की घेऊन मी स्टँडसमोर उभा होतो. एवढ्यात ओळखीचा आवाज आला. “ए, थांबव! थांबव गाडी!”

मावशी पळत होती. हातात भरलेली पिशवी, साडी एका हातानं वर धरलेली, ट्रॅकपॅन्टचे पट्टे खाली चमकतायत. पर्यटकांच्या गर्दीतून वाट काढत तिनं निघालेली एसटी गाठली, दांडा धरला आणि आत चढली. कंडक्टरनं दार ओढलं. मी हात हलवला, पण तिचं लक्ष नव्हतं. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि तिथंच कचकन थांबली. आतून मावशीचा आवाज सगळ्या स्टँडला ऐकू आला. “खोपोली? खोपोलीत माजं कोन हाय?”

दार उघडलं. पायरी उंच होती आणि खाली खड्डा. मी नकळत पुढं धावलो. मावशीनं पायरीवरून खाली पाहिलं, पिशवी छातीशी घट्ट धरली आणि उडी मारली. दोन्ही पाय एकदम टेकले, दोन्ही गुडघे जेवढे वाकायला हवेत तेवढेच वाकले, आणि ती सरळ उभी राहिली.

तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघितलं का म्हणून. मी खांबाआड झालो. मग तिनं पदर नीट केला, कंडक्टरला दोन शब्द सुनावले, आणि तिकडं कोपऱ्यात तिच्या घराकडची, पवनानगरची गाडी सुरू होताना दिसली तशी पुन्हा पळत सुटली.